फरशीखालचं झाकण

५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार नंतर, आधी बातमी. आमचं खत विकलं गेलं! सगळं! रोपवाटिकेचा मालक आला, मूठभर खत हातात घेतलं, चुरलं, नाकाजवळ नेलं. मी श्वास रोखून उभी. तो म्हणाला, "अहो, याला तर कसलाच वास नाही." मी त्याला मिठीच मारणार होते, पण त्याची बायको गाडीत बसली होती. होती नव्हती तेवढी पोती घेऊन गेला आणि पुढच्या महिन्याची आगाऊ मागणी नोंदवून गेला. फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून पत्र लिहितेय, पण ही बातमी तुला चार दिवसांनी कळणार हे माझ्याच्यानं सहन होत नाहीये.

मी नक्की करते काय, असं तू मागे विचारलं होतंस. गावातल्या संडासांच्या टाक्या भरल्या की टँकरवाले नळी लावून त्या उपसतात. तो गाळ आमच्या प्लांटवर येतो. आम्ही तो वाफ्यांवर पसरतो आणि ऊन तो वाळवतं. खाली गळलेलं पाणी झाडांच्या तळ्यांतून फिरवून स्वच्छ करतो आणि बागेला देतो. वाळलेला भाग पालापाचोळ्यात मुरवला की खत. टँकरवाल्यांकडून गेटवर गाडीमागे थोडी फी घेतो, खत विकतो, झाली आमची कमाई.

आता खरी गोष्ट. ज्या संस्थेनं प्लांट बांधून दिला, तिनं तीन वर्षांचा चालवायचा खर्चही दिला होता. तो डिसेंबरअखेर संपतो. नगरपरिषदेचे अभियंता साहेब म्हणाले, "मॅडम, जानेवारीपासून प्लांट स्वतःच्या पायावर उभा राहिला तर ठीक. नाहीतर कुलूप लावून तिथे गोदाम करू." म्हणजे मी आणि आमची तीन माणसं घरी. बँकेतली कर्ज विभागाची खुर्ची सोडून मी इथे आले तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. त्या सगळ्यांना मला एकदा हा ताळेबंद दाखवायचाय!

बाबा ठीक. निवृत्तीच्या पैशांतून पुढच्या व्हरांड्याला बसवलेल्या फरशा अजून रोज दोनदा पुसतात. मला मात्र घरात मागच्या दारानं प्रवेश. आधी मोरी, मग आंघोळ, मग घर. शेजारी विचारतात तेव्हा सांगतात, "मुलगी पाणी खात्यात आहे." त्यात पाणीही असतंच थोडं, म्हणून मी खोडून काढत नाही.

तुझी,
टकळी

१४ सप्टेंबर

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकायला यंत्र लावावं लागत नाही. कागदातून आवाज येतो.

खत विकलं, फार बरं झालं. आता जन्मभर दूध केंद्र चालवलेल्या बाईचं ऐक. शेणखत आम्हीही विकायचो. त्यातून केंद्राच्या केरसुण्या निघायच्या, पगार नाही निघायचे. केंद्र दुधावर चाललं. तुझ्याकडचं दूध कोणतं ते तू अजून लिहिलेलं नाहीस.

चार पानं लिहिलीस. त्यात ऊन आहे, वास आहे, रोपवाटिकावाल्याची बायकोसुद्धा आहे. रोज गाड्या किती येतात हे कुठे आहे? आमच्याकडे सकाळी सातला एकच प्रश्न असायचा, आज कॅन किती आले? तू बोलकी म्हणून मी तुला ओळखते. त्यामुळे तू जे बोलत नाहीस ते मला आधी दिसतं.

आणखी एक. पंप बिघडला तर पैसे कुठून आणशील? आमचं थंड करायचं यंत्र दुसऱ्याच वर्षी बसलं होतं. भर उन्हाळ्यात कॅनच्या कॅन दूध नासलं. त्या दिवसापासून रोजच्या कमाईतला थोडा वाटा वेगळ्या डब्यात, आणि त्या डब्याला यंत्राशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा नियम केला. डबा काढ.

तुझ्या बापाच्या फरशांना माझा नमस्कार सांग. गेल्या खेपेला मी आले तेव्हा ओरखडे पडतील म्हणून त्यानं माझ्या काठीच्या टोकाला पायमोजा घातला होता. मी घसरले असते तर हाडं माझी मोडली असती, पण फरशी वाचली असती.

आत्या

२९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

पकडलंस! रोज आठ गाड्यांचा गाळ घेऊ शकेल एवढा प्लांट आहे. येते एक. कधी तीही नाही. वाफे उपाशी, पंप झोपलेला, आणि पगार मात्र पूर्ण. मी हे कोणालाच सांगत नव्हते, स्वतःलाही नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उठले आणि स्कूटरवरून एका टँकरचा पाठलाग केला! त्याच्या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याच्या गाडीचा भोंगा सिनेमातल्या गाण्यासारखा वाजतो. त्यामुळे मागे राहिले तरी चुकायची भीती नव्हती. गाडी आमच्या प्लांटच्या दारावरून सरळ पुढे गेली, पुलाखाली वळली आणि त्यानं नळी नाल्यात सोडली. भरदिवसा!

मी ओरडले, "अहो, काय करताय?"

तो जराही दचकला नाही. म्हणाला, "मॅडम, तुमच्या गेटवर आलो की तुम्ही पैसे मागता. नाला मागत नाही."

आत्या, मी असली पेटलेय! पुलावर कॅमेरा बसवायचा, दंड लावायचा, दुसऱ्यांदा सापडला तर गाडी जप्त. दंडाच्या पैशांतून प्लांट चालेल. मी कालच अर्ज टाइप केला. तुझा डबाही काढलाय, पण तो रिकामा आहे. एकदा दंड सुरू होऊ दे, मग बघ!

तुझी टकळी

८ ऑक्टोबर

चि. टकळीस आशीर्वाद.

तो अर्ज फाड. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

दंडावर प्लांट चालवणार, म्हणजे तो चालायला भोंग्यानं रोज चोरी करायला हवी. तो सुधारला की तुझा पगार बुडाला. हे कसलं दुकान?

आमचं केंद्र निघालं तेव्हा कमिटीत चार शहाणे होते. त्यांनी ठरवलं, दूध घेऊन येईल त्यानं कॅन धुण्याचे आणि दूध तपासण्याचे पैसे द्यायचे. हिशेबाला ते अगदी बरोबर होतं, खर्च होताच. महिन्याभरात आमच्या दारात शुकशुकाट. सगळं दूध कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे. तो पाणी घालायचा, भाव पाडायचा, पण दारात पैसे मागत नव्हता. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, जो आपल्याला हवी ती वस्तू दारात आणून देतो, त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे ही कुठली रीत? फी बंद झाली. रोजचं दूध, रोजचे पैसे, तिथल्या तिथे हातात. चहावाल्याला मग पावडरचा चहा करावा लागला.

तुला तो गाळ हवाय की नको? हवा असेल तर भोंग्याला पैसे दे. घेऊ नकोस, दे. प्लांटवर गाडी रिकामी झाली की लगेच.

आता म्हणशील, आत्या म्हातारी झाली, पैसे आणू कुठून. आमच्या दुधाचे पैसे दूध पिणारे देत होते. नाला स्वच्छ राहिला तर फायदा कोणाचा? जरा डोकं खाजव. बँकेत होतीस ना?

आत्या

३ नोव्हेंबर

प्रिय, प्रिय, प्रिय आत्या!

पहिल्या वाचनात मला तुझा राग आला. दुसऱ्या वाचनात झोप उडाली. तिसऱ्या वाचनानंतर मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले ती उठलेच नाही. आई म्हणाली, निदान जेव तरी, आकडे कुठे पळून जात नाहीत.

ऐक! आज टाकी उपसतात कधी? तुंबून अंगणात आली की. मग टँकरवाला अडलेल्या माणसाकडून एकदम मोठी रक्कम घेतो. त्याऐवजी प्रत्येक घरानं घरपट्टीतच थोडे पैसे भरायचे. महिन्याला धरले तर दोन कप चहाचे. त्या बदल्यात दर तीन वर्षांनी गाडी आपणहून दारात येणार, तुंबायची वाट न बघता. टँकरवाल्यांना वर्षभर ठरलेलं काम आणि प्लांटवर गाडी रिकामी झाली की पैसे हातात. उरलेल्यातून पगार, वीज, आणि तुझा डबा! गाव मोठं आहे, टाक्या ठरलेल्या आहेत, फेऱ्या वाटून दिल्या की रोज सात-आठ गाड्या आपोआप येतात. खत म्हणजे वरची साय! मी पाच वेळा ताळा केला. जमतं, आत्या, जमतं!

गेल्या आठवड्यात नगरपरिषदेत मांडलं. अभियंता साहेब म्हणाले, "म्हणजे आपण त्यांना पैसे द्यायचे?"

मी म्हटलं, "दूध घालायला येणाऱ्याला देतात तसे."

"हे दूध आहे का?"

सगळी सभा खो खो हसली. नगराध्यक्षाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा कागद खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "एका वसाहतीत करून दाखवा. नोव्हेंबर संपायच्या आत तिथल्या निम्म्याहून जास्त घरांनी सही केली, तर डिसेंबरच्या सभेत सगळ्या गावाला लागू करू. नाही झाली, तर प्लांट बंद."

आणि वसाहत कोणती निवडली? आमची! आमच्या घराची! अभियंता साहेब म्हणे, "तुमच्या ओळखीचे लोक आहेत, सोपं जाईल."

कसलं सोपं! आठवडाभर दारोदार फिरतेय. कल्पना सगळ्यांना आवडते. मग विचारतात, टाकीचं झाकण उघडावं लागेल का? लागेल. की लगेच चेहरा पडतो. कोणाच्या झाकणावर फरशी, कोणाच्या झाकणावर गाडीचं शेड, समोरच्या वकीलकाकांच्या झाकणावर तर कारंजं आहे. फोडायचं कोणी? आणि निघताना प्रत्येक जण हमखास विचारतो, "मास्तरांनी केली का सही?" निम्म्या वसाहतीला बाबांनी गणित शिकवलंय.

बाबांना मी विचारलं, आपलं झाकण कुठे आहे? त्यांनी पेपरचं पान उलटलं. मी परत विचारलं. म्हणाले, "व्हरांड्याखाली असेल कुठेतरी." आणि उठून फरशी पुसायला लागले.

आत्या, त्यांच्या एका सहीवर सगळं अडलंय. आणि त्यांनी अजून कोणाला सांगितलेलंही नाही की मी काय काम करते. तूच काहीतरी कर.

टकळी

११ नोव्हेंबर

चि. टकळीस आशीर्वाद.

हिशेब पाहिला. बरा आहे. डब्यातला वाटा थोडा वाढव, पंपाच्या किमती तुला वाटतात तेवढ्या राहणार नाहीत. बाकी तू माझ्या भावापेक्षा हुशार निघालीस, हे मला तो लहान असल्यापासून कोणाबद्दल तरी म्हणायचं होतं.

त्याला वेगळं पत्र टाकलं आहे. काय लिहिलं ते विचारायचं नाही. तू त्याला समजावायला जाऊ नकोस. मास्तर माणसाला कोणी समजावलेलं चालत नाही. लहानपणी तो जेवायला रुसला की आमची आई त्याची विनवणी करत नसे, त्याला गणित घालत असे. उत्तर सापडेपर्यंत ताट रिकामं झालेलं असायचं.

आत्या

२४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तू त्यांना लिहिलंस तरी काय? बाबा जेवणापुरतं बोलतात, बाकी मौन. तुझं पत्र खिशात घेऊन फिरतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर काहीतरी आकडेमोड चालू असते, मी जवळ गेले की पालथ्या घालतात. मागच्या विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभे राहतात, आत बघतात, परत येतात.

आणि आज कहर झाला. घराचा जुना नकाशा काढून, टेप लावून व्हरांडा मोजत होते. मी विचारलं तर म्हणाले, "तुझं काम तू कर." आता मागच्या अंगणातही तसल्याच फरशा बसवायचा विचार दिसतोय. मग मी घरात शिरू कुठून, धाब्यावरून?

सह्या निम्म्याच्या जवळपाससुद्धा नाहीत. रविवारी दुपारी वसाहतीची सभा आहे, शेवटची संधी. तिथे ते उभे राहून विरोध करतील की काय, कोण जाणे. आमच्या प्लांटवरचा, वाफ्यांतला वाळलेला गाळ ओढणारा काका मला विचारत होता, "ताई, जानेवारीत दुसरीकडे बघू का?" मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, बघू नका. आणि मग पंपघरात जाऊन रडले. तुला सांगते, मला हा प्लांट हवा आहे. नोकरी म्हणून नाही, मला तो आवडतो.

टकळी

२७ नोव्हेंबर

चि. टकळी,

मोजू दे.

आत्या

१५ डिसेंबर

प्रिय आत्या,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण आधी नगरपरिषदेचा ठराव हातात घ्यायचा होता. आज मिळाला. शिक्क्यासकट! आता सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तू म्हणशील टकळीनं शेवट आधी सांगितला.

रविवारी सकाळी मला ठाण ठाण आवाजानं जाग आली. आई दारात उभी, चेहरा पांढरा. म्हणाली, "तुझ्या बाबांना काय झालंय बघ गं."

व्हरांड्यात बाबा होते. पायजमा, डोळ्यांवर चष्मा, हातात हातोडा. त्यांनी खडूनं फरशीवर एक चौकोन आखला होता, अगदी काटकोनात. आणि त्याच चौकोनात फरशी फोडत होते! ज्या फरशीवर मी दोन वर्षं पाय ठेवलेला नाही ती! मी धावले तर म्हणाले, "बाजूला हो, तुकडा उडेल."

आवाजानं सगळी वसाहत गोळा झाली. वकीलकाका दात घासत घासतच आले. "मास्तर, हे काय?"

बाबा घाम पुसत उठले आणि वर्गात उभे राहायचे तसे उभे राहिले. म्हणाले, "माझ्या ताईनं एक गणित घातलंय. तुम्हीही सोडवा. टाकीची लांबी, रुंदी, खोली अमुक. घरात माणसं तीन. टाकी साधारण तीन-चार वर्षांत गाळानं भरते. घर बांधून बावीस वर्षं झाली, उपसली एकदाही नाही. तर भरल्यानंतरच्या वर्षांचा गाळ गेला कुठे?"

बाबांनी हातोडा मागच्या विहिरीकडे रोखला. "उत्तर काढायला मला दहा दिवस लागले, कारण मला ते नको होतं. ज्या पाण्यानं मी रोज फरशी पुसतो, ते तिथलं आहे."

वकीलकाकांनी आपल्या कारंज्याकडे पाहिलं आणि तोंडातला फेस तिथेच थुंकला. कारंज्याचं पाणी त्यांच्या बोअरचं आहे.

मग बाबा म्हणाले, आत्या, हे मी अगदी जसंच्या तसं लिहितेय, "या प्रश्नावर गावात एकच माणूस काम करतो. माझी मुलगी. ती मैल्याचा प्लांट चालवते. फॉर्म तिच्याकडे आहेत. रांगेत या."

मी नाइटड्रेसमध्येच फॉर्म आणायला पळाले. रडत होते, हसत होते, पेन सापडत नव्हतं. दुपारची सभा भरलीच नाही, कारण सही करायचं कोणी राहिलं नव्हतं. वकीलकाकांनी तर कारंज्यासकट सही केली.

मंगळवारी भोंगा आला, गाणं वाजवत. पहिली टाकी आमची. झाकण बरोबर खडूच्या चौकोनाखाली निघालं, बाबा तेवढ्यावरच खूश. गाडी भरली, मी स्कूटरवर मागे. यावेळी पाठलाग नव्हता, वरात होती. गाडी पुलाखाली न वळता आमच्या गेटमधून आत आली, रिकामी झाली आणि मी भोंग्याच्या हातात पैसे ठेवले. त्यानं नोटा दोनदा मोजल्या. "मॅडम, परत तर मागणार नाही ना?" म्हटलं, नाही, पण उद्या परत या. दुसऱ्या दिवशी त्याच्यामागे अजून दोन गाड्या होत्या. आता सगळे वाफे भरलेत. ऊन पडलं की मी मधल्या वाटेवर उभी राहून नुसती बघत बसते. गाळ ओढणारा काका म्हणतो, ताई, नजर लागेल.

ठरावात सगळं आलंय. घरपट्टीत आकार, टँकरला फेरीमागे पैसे, आणि डबासुद्धा. अभियंता साहेबांनी त्याला 'दुरुस्ती राखीव निधी' असं भारदस्त नाव दिलंय, पण नगराध्यक्षाबाई त्याला डबाच म्हणतात. ये ना लवकर. तुला गेटवर उभं करून दाखवायचंय की आज कॅन किती आले!

तुझी, अजूनही प्लांटवालीच,
टकळी

ता. क. बाबांना चार ओळी लिहायच्या आहेत म्हणे. मी बाजूला होते.

ताई, नमस्कार.

गणित बरोबर होतं, पण एक चूक दाखवतो. तू पाहुणे धरले नव्हतेस. दर वर्षीचे तुझे पंधरा दिवसही त्या टाकीत आहेत.

फोडलेल्या फरशा परत बसवल्या नाहीत. झाकण दिसतं तसं ठेवलं आहे. आल्यागेल्याला ते काय आहे हे विचारावंसं वाटतं, आणि मला सांगावंसं वाटतं. टकळी आता पुढच्या दारानं येते. पहिल्या दिवशी सवयीनं मागे वळली होती, मी हाक मारली.

तू ये. काठीला मोजा नको.